फुफ्फुसाचा कॅन्सर इतका उशिरा का कळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल रुग्ण आणि त्यांच्या घरचे डॉक्टर म्हणून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट खदखदत असते: कालपर्यंत हिंडता-फिरता माणूस, आणि आज एकदम चौथी स्टेज? भारतात या कॅन्सरचं निदान होतं तेव्हा चारांतले साधारण तीन रुग्ण पुढच्या टप्प्यात पोचलेले असतात, म्हणजे असं फक्त तुमच्याच घरी झालेलं नाही. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जो मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. आत गाठ वाढत होती, तर दुखलं कसं नाही?

फुफ्फुसाच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते छातीच्या भिंतीला आतून लागून असलेलं आवरण, फासळ्या आणि आजूबाजूचे मज्जातंतू. त्यामुळे फुफ्फुसाच्या मधोमध असलेली गाठ चार सेंटिमीटरची झाली तरी गप्प बसू शकते, आणि काठावरची छोटीशी गाठ आवरणाला भिडली की खोल श्वास घेताना कळ येते. दुखण्यावरून गाठ केवढी आहे याचा अंदाज बांधू नये. शिवाय स्तनातली गाठ हाताला लागते, तोंडातला चट्टा आरशात दिसतो. फुफ्फुसाच्या बाबतीत ती सोयही नाही.

२. मग धाप तरी लागायला हवी होती ना? बाबा रोज सकाळी चार किलोमीटर चालत होते.

रोजच्या जगण्याला लागते त्याहून कितीतरी जास्त क्षमता फुफ्फुसांकडे राखीव असते. १९३३ साली अमेरिकेत सेंट लुइसला एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जनने जेम्स गिलमोर या रुग्णाचं कॅन्सर झालेलं डावं फुफ्फुस अख्खं काढलं. गिलमोर स्वतः डॉक्टर होते. एका फुफ्फुसावर ते पुढे जवळजवळ तीस वर्षं जगले. जिथे एक फुफ्फुस काढूनही माणूस उभा राहतो, तिथे दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठीने बाबांच्या चालण्यात काय फरक पडणार?

याच ग्रॅहम यांनी १९५० साली अर्न्स्ट वाइंडर यांच्यासोबत सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला. १९५७ साली ते स्वतः याच आजाराने गेले, आपल्या रुग्णाच्या आधी. हा आजार जगात ज्यांना सगळ्यात चांगला ठाऊक होता अशा मोजक्या माणसांपैकी ते एक होते, तरी त्यांचाही वेळेत सापडला नाही. ‘आम्हाला कसं कळलं नाही’ म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्या घरच्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

धाप लागते ती मोठी श्वासनलिका बंद झाल्यावर, छातीत पाणी झाल्यावर, किंवा फुफ्फुसं आधीच बिडी-सिगारेटने थकलेली असतील तर.

३. सहा महिन्यांपूर्वी सगळं नॉर्मल होतं. एवढ्यात गाठ वाढली कशी?

बहुतेक वेळा ती एवढ्यात वाढलेली नसते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं होत एक सेंटिमीटरची गाठ तयार व्हायला साधारण तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. तेव्हा तिच्यात १०० कोटींच्या आसपास पेशी असतात, आणि गाठीच्या आयुष्याचा मोठा भाग तिथेच संपलेला असतो. पुढे आणखी दहा-एक दुपटींत ती जीवघेणी होते. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे अॅडेनोकार्सिनोमा. त्याला एकदा दुप्पट व्हायला अनेकदा पाच-सहा महिने किंवा जास्तच लागतात. म्हणजे ‘सहा महिन्यांपूर्वी’ गाठ होतीच, फक्त तिने काही जाणवू दिलं नव्हतं.

स्मॉल सेल प्रकार मात्र याला अपवाद. तो बहुतांशी धूम्रपान करणाऱ्यांना होतो, एक ते तीन महिन्यांत दुप्पट होतो आणि लवकर पसरतो. तिथे खरोखरच सहा महिन्यांत चित्र पालटतं.

४. म्हणजे सुरुवातीला काहीच लक्षण नसतं?

अनेकांना खरंच नसतं. पण बरेचदा असतं, आणि ते इतकं साधं असतं की त्याला दुसरं नाव सहज चिकटतं. खोकला असेल तर हवा बदलली, ताप असेल तर व्हायरल, थकवा म्हणजे वय, वजन उतरलं तर ‘बरंच झालं, शुगर कंट्रोलमध्ये येईल’.

उशीर होण्याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं कारण हे: दर वेळी केलेल्या उपचाराने थोडं बरं वाटतं. गाठीने श्वासनलिका अर्धवट दाबली की तिच्यामागे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने न्यूमोनिया बरा होतो, ताप उतरतो, घरातले सुटकेचा श्वास सोडतात. गाठ तिथेच असते. स्टेरॉइडनेही खोकला काही दिवस दबतो. पुन्हा त्रास झाला की दुसरा डॉक्टर, नवा कागद, नवी पाच दिवसांची औषधं. चार डॉक्टरांनी आपापल्या जागी ठीकच उपचार केलेले असतात, पण चारही कागद शेजारी ठेवून कोणी पाहिलेले नसतात.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न विचारायची सवय लावा: “यानं किती दिवसांत बरं वाटायला हवं, आणि नाही वाटलं तर पुढची तपासणी कोणती?” उत्तराची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, खोकल्यातून रक्ताची एखादी रेघ जरी दिसली तरी, त्याच जागी पुन्हा झालेला न्यूमोनिया, कारण नसताना उतरणारं वजन, तीन आठवडे बसलेला आवाज: यांतलं काहीही असेल तर छातीचा फोटो आणि छातीविकारतज्ज्ञांचा सल्ला इतकं तरी व्हायलाच हवं.

५. बाबांना बिडीचा खोकला तीस वर्षांपासून आहे. त्यात नवीन काही झालं, हे ओळखायचं कसं?

बदलावरून. सकाळी उठल्यावर येणारा खोकला आता रात्री झोपमोड करतो. आधी कफ सुटायचा, आता कोरडी ढास लागते. पंप ओढल्यावर आराम पडायचा, आता पडत नाही. असा बदल ओढणाऱ्याच्या लक्षात येत नाही, शेजारी झोपणाऱ्याच्या येतो. तपासायला आलेल्या बाबांना “खोकला वाढलाय का?” विचारलं तर “नाही, आहे तेवढाच” हे उत्तर ठरलेलं. मागे उभी असलेली आई मान हलवते. मी आईचं ऐकतो.

६. सहा महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या आणि आता कॅन्सर सांगतात. चूक कुणाची?

पत्रांमध्ये सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा विस्ताराने.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. खोकला, बारीक ताप, वजन घटणं, बेडक्यातून रक्त आणि फोटोत वरच्या भागात डाग, एवढं समोर असताना आपल्याकडचा डॉक्टर आधी टीबीचा विचार करतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. विचार करण्यात चूक नाही. चूक होते ती जंतू न सापडता औषध चालू ठेवण्यात.

अशा फाईली बघताना मी आधी एकच कागद शोधतो: बेडक्यात टीबीचे जंतू आहेत का हे सांगणाऱ्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीचा रिपोर्ट. (ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीचं यंत्र आहे आणि आता तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं.) पुष्कळदा तो कागद नसतो, किंवा त्यावर ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहिलेलं असतं आणि तरीही केवळ फोटो पाहून कोर्स सुरू केलेला असतो. कधी कधी तसं करावं लागतं, मान्य. पण मग दोन महिन्यांचा हिशोब ठेवायला हवा. टीबी असेल तर योग्य औषधांनी काही आठवड्यांत ताप जातो, भूक सुधारते, वजनाचा काटा वर सरकू लागतो. दोन महिन्यांनी वजन आणखी उतरलेलं असेल आणि फोटोतला डाग तेवढाच किंवा मोठा असेल, तर औषधाला दाद न देणारा टीबी तरी आहे किंवा हा टीबीच नाही. दोन्हींसाठी पुढच्या तपासण्या लागतात: सीटी स्कॅन, आणि दुर्बिणीतून किंवा सुईने घेतलेला तुकडा (बायोप्सी).

छातीत पाणी झालं असेल तर आणखी फसगत होते. टीबीतही पाणी होतं, कॅन्सरमध्येही. काढलेलं पाणी लालसर असेल, किंवा काढल्यावर भराभर पुन्हा भरत असेल तर कॅन्सरच्या पेशींसाठी तपासणी हवीच. त्यात एकदा काही आढळलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. कॅन्सरमुळे झालेल्या पाण्यातही पहिल्या नमुन्यात पेशी सापडतात त्या साधारण दहांतल्या सहा रुग्णांमध्येच.

७. टीबी आणि कॅन्सर दोन्ही एकाच वेळी असू शकतात?

हो. म्हणून टीबीचे जंतू सापडले तरी प्रश्न ६ मधला दोन महिन्यांचा हिशोब सुटत नाही. दोन्ही असतील तर एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन हे कॅन्सरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण खूप कमी करतं. टीबीचे डॉक्टर एका गावात आणि कॅन्सरचे दुसऱ्या गावात असतील, तर दोघांची औषधं दोघांनाही दाखवणं घरच्यांनाच करावं लागतं.

८. छातीचा फोटो काढला होता, नॉर्मल आला. मग?

फोटो नॉर्मल म्हणजे फुफ्फुस नॉर्मल, असं समजू नका. लक्षणं घेऊन आलेल्या आणि पुढे कॅन्सर निघालेल्या रुग्णांत सुमारे पाचांतल्या एकाचा पहिला फोटो काही दाखवत नाही, असं पाहण्यांतून दिसलं आहे.

कारण फोटो ही सावली असते. सगळी छाती एका कागदावर चपटी होऊन येते. हृदयाच्या पांढऱ्या सावलीमागे फुफ्फुसाचा बराच भाग लपतो. वर गळपट्टीचं हाड आणि पहिली फासळी एकमेकांवर येतात, तिथे दोन सेंटिमीटरची गाठही हाडासारखीच दिसते. मधोमध मोठ्या रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, आणि खाली पोटाच्या पडद्यामागचा भाग यकृताच्या सावलीत बुडतो. हे सगळं माहीत असलेला डॉक्टर फोटो लाइटवर लावून आधी नेमक्या याच चार जागा बघतो, आणि जुना फोटो मागतो. जुना फोटो फेकू नका. पाच वर्षांपूर्वीही तोच डाग तसाच होता, एवढं कळलं तरी पुष्कळ तपासण्या वाचतात.

लक्षणं टिकून असतील तर फोटो नॉर्मल आला तरी सीटी स्कॅनबद्दल विचारा. न्यूमोनियाचं निदान झालेल्या पन्नाशीपुढच्या माणसाचा, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याचा, फोटो सहा आठवड्यांनी पुन्हा काढून सावली पूर्ण गेली का हे बघावं. बरं वाटल्यावर हा दुसरा फोटो काढायला फारसं कोणी जात नाही.

९. सासूबाईंचा खांदा दुखत होता. आठ महिने शेक आणि फिजिओथेरपी चालू होती. खांद्याचा आणि फुफ्फुसाचा काय संबंध?

फुफ्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर जातं, आणि हाताकडे जाणारे मज्जातंतू त्याला खेटून जातात. तिथल्या गाठीला पॅनकोस्ट ट्यूमर म्हणतात. हेन्री पॅनकोस्ट हे फिलाडेल्फियातले क्ष-किरणतज्ज्ञ. खोकला नाही, धाप नाही, फक्त खांदा दुखतो, म्हणून रुग्ण आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. फ्रोझन शोल्डर किंवा मानेचा स्पॉन्डिलोसिस ठरतो आणि गळ्याला पट्टा लागतो. फरक असा की फ्रोझन शोल्डरमध्ये हात वर जात नाही. इथे सुरुवातीला हात नीट फिरतो तरी दुखतं, रात्री जास्त, आणि कळ हाताच्या आतल्या बाजूने करंगळीकडे उतरते. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आली आणि डोळ्याची बाहुली बारीक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अशी आडवळणाची लक्षणं आणखी आहेत. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घेऊन परत वर येते. तिथे गाठ आली की आवाज बसतो आणि माणूस कान-नाक-घसावाल्यांकडे जातो. चेहरा आणि मान सकाळी सुजते. रक्तातलं सोडियम घसरून वयस्क माणूस असंबद्ध बोलू लागतो. आणि बोटं: दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून जोडा. मध्ये प्रकाश दिसेल अशी बारीक चौकट राहायला हवी. ती भरली असेल आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील तर छाती तपासून घ्या. (फुफ्फुसाच्या आणि हृदयाच्या इतर आजारांतही असं होतं, आणि काहींची बोटं जन्मापासूनच तशी असतात.)

१०. झटका आला म्हणून मेंदूचा एमआरआय केला, आणि कॅन्सर फुफ्फुसाचा निघाला. असं कसं?

शरीरातलं सगळं रक्त फुफ्फुसांतून फिरून हृदयावाटे सगळीकडे जातं. तिथून सुटलेली पेशी मेंदू, हाडं, यकृत, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कुठेही पोचू शकते. मूळ गाठ न जाणवण्याची कारणं प्रश्न १ आणि २ मध्ये आली आहेत. मेंदूत जागा कमी, त्यामुळे तिथे एका सेंटिमीटरची गाठही लगेच लक्षण दाखवते.

११. आईने उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाही. तिला कसा झाला?

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ४८९ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे निम्म्यांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. घरातल्या दुसऱ्याचा धूर, चुलीचा धूर, शहराची हवा, अॅस्बेस्टॉस ही काही कारणं. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ साली कॅन्सरकारक ठरवलं. काही रुग्णांत मात्र कुठलंच कारण हाती लागत नाही.

उशिराशी याचा थेट संबंध आहे. बिडी न ओढणाऱ्या बाईच्या खोकल्याकडे कॅन्सर म्हणून कोणी पाहत नाही, ना घरचे ना डॉक्टर. त्यात या रुग्णांत जास्त दिसणारा अॅडेनोकार्सिनोमा फुफ्फुसाच्या काठाकडे, मोठ्या नळ्यांपासून लांब वाढतो. त्यामुळे खोकला आणि रक्त ही लक्षणंही उशिरा येतात.

१२. आम्ही तंबाखू फक्त खातो, मिश्री लावतो. फुफ्फुसाला धोका नाही ना?

तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा धोका मोठा आहे. फुफ्फुसाचा धोका मुख्यतः धुराने होतो. याला सुटका समजू नका.

१३. रक्ताच्या तपासणीत लवकर कळत नाही का?

नाही. हिमोग्लोबिन, ईएसआर, लिव्हर, किडनी सगळं ठीक असूनही गाठ असू शकते. हेल्थ पॅकेजमधल्या सीईएसारख्या ‘कॅन्सर मार्कर’ चाचण्या निदान झाल्यावर कधी कधी उपयोगी पडतात, शोध घेण्यासाठी नाही. नॉर्मल आल्या की खोटा धीर मिळतो.

१४. मग सगळ्यांनीच दरवर्षी सीटी स्कॅन करून घ्यावा का?

सगळ्यांनी नाही. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर झालेला मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ५५ ते ७४ वयाच्या, भरपूर धूम्रपान केलेल्या लोकांचा तीन वर्षं दरवर्षी कमी किरणांचा सीटी काढला. साध्या फोटोच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. युरोपातल्या २०२० सालच्या अभ्यासात पुरुषांमध्ये २४ टक्के घट दिसली. म्हणजे फायदा खरा आहे.

पण अमेरिकेच्या अभ्यासात ज्या स्कॅनमध्ये ‘काहीतरी’ दिसलं, त्यांतल्या ९६ टक्क्यांत ते कॅन्सर नव्हतं. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण एवढे की हा गोंधळ वाढण्याचीच भीती. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, फुफ्फुसाचा नाही.

माझं मत: वय ५० च्या पुढे आणि २० ‘पॅक-वर्षं’ किंवा जास्त धूम्रपान झालेलं असेल (रोज २० सिगारेटचं एक पाकीट गुणिले २० वर्षं, किंवा दोन पाकिटं गुणिले १०), अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील, तर छातीविकारतज्ज्ञांशी याबद्दल बोला. बाकीच्यांनी लक्षण नसताना पॅकेजमध्ये स्वस्त मिळतो म्हणून काढू नये. दरवर्षी साधा फोटो काढण्याचाही उपयोग नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जुन्या अभ्यासात वारंवार फोटो काढून कॅन्सर जास्त सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

१५. दुसऱ्याच कारणासाठी सीटी केला, त्यात ५ मिलिमीटरची गाठ दिसली. झोप उडाली आहे.

झोपा. एवढ्या लहान गाठी फार जणांत सापडतात आणि बहुतेक जुन्या संसर्गाच्या खुणा असतात. कॅल्शियम साचलेली गाठ तर बहुधा निरुपद्रवीच. ६ मिलिमीटरपेक्षा लहान, घट्ट गाठ आणि धोका कमी असेल तर पुन्हा स्कॅनही सहसा लागत नाही; ६ ते ८ असेल तर सहा ते बारा महिन्यांनी; त्याहून मोठी असेल तर तीन महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन (जास्त साखर खेचणाऱ्या पेशी यात चमकतात) किंवा बायोप्सी. आधी दुसरा कॅन्सर झालेल्यांना हा हिशोब लागू नाही.

१६. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली. म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. टीबीही तसाच चमकतो, आणि उलट काही संथ कॅन्सर चमकत नाहीत. शेवटचा शब्द तुकड्याच्या तपासणीचा.

१७. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायोप्सी टाळली तर चालेल?

सुईमुळे कॅन्सर पसरण्याची शक्यता अत्यंत विरळ आहे. खरा धोका फुफ्फुसातून हवा सुटण्याचा किंवा थोडं रक्त पडण्याचा. तो सांभाळता येतो. ‘बायोप्सीनंतर काका महिन्यात गेले’ असं ऐकू येतं, कारण आजार आधीच पसरलेला असतो आणि त्याचं नाव बायोप्सीनंतर कळतं. ही भीती लोकांचे दोन-तीन महिने खाते, आणि तेवढ्या काळात ऑपरेशनजोगी गाठ हाताबाहेर जाऊ शकते.

१८. चौथी स्टेज आहे. आता तपासण्या कशाला, घरीच नेऊ का?

निर्णय घ्यायच्या आधी तुकड्याची जनुकीय तपासणी करून घ्या: ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ (गाठ वाढवू शकणारी जनुकं), आणि सोबत पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन). भारतातल्या अॅडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांत साधारण चौथ्या हिश्श्यात ईजीएफआरचा बदल सापडतो, धूम्रपान न केलेल्यांत आणखी जास्त. तो असेल तर गोळीवर उपचार होतात, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस काही आठवड्यांत चालू लागलेला आम्ही पाहतो. बरा होतो असं नाही, पण चांगली वर्षं मिळू शकतात. रिपोर्टला एक-दोन आठवडे लागतात.

दुखणं, धाप, झोप यांसाठीच्या पॅलिएटिव्ह उपचारांना ‘शेवटचे’ समजून नाकारू नका. बोस्टनमधल्या २०१० सालच्या अभ्यासात हे उपचार सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण केवळ आरामात राहिले असं नाही, सरासरी जास्त जगलेही. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

१९. वडिलांच्या गाठीत ईजीएफआर बदल सापडला. आम्हा भावंडांनी रक्त तपासून घ्यावं का?

नाही. हा बदल जवळजवळ नेहमी गाठीच्या पेशींत आयुष्यात नंतर घडलेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. अगदी विरळ घराण्यांत तो वारशाने येतो. तीन-चार नातेवाइकांना, त्यातही कमी वयात, हा कॅन्सर झाला असेल तरच जनुकतज्ज्ञांना विचारा. जवळच्या नात्यात आजार असला की धोका थोडा वाढतो हे खरं. तुमच्यापैकी कोणी ओढत असेल तर त्याने सोडावं: सोडल्यापासून दहा वर्षांत धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर येतो. बाकी भावंडांसाठी प्रश्न ४ मधली लक्षणांची यादी पुरेशी आहे.